बाळोत्यांचा हिशेब

मागच्या नाताळाच्या आधी आमच्या धर्मग्रामात गोठा उभारण्याचे काम चालले होते. पेंढा पसरून झाला होता, कागदाचे डोंगर रंगवून वाळत ठेवले होते, आणि अशा वेळी जमणाऱ्या मंडळींच्या गप्पा रंगात आल्या होत्या. अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या एका तरुणाने सांगितले, की तिकडे काही राज्यांची सरकारे आता गरिबांच्या तान्ह्या मुलांना डायपर पुरवू लागली आहेत. त्यावर एकच हशा पिकला. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "आमच्या आयेने नऊ लेकरे वाढवली, ती कधी सरकारच्या दारी लंगोट मागायला गेली नाही." दुसरे म्हणाले, "जगातला सर्वांत श्रीमंत देश, आणि त्याच्या पोरांना बाळोती परवडत नाहीत!" हसणाऱ्यांत मीही होतो, हे आरंभीच कबूल करतो.

हसे ओसरल्यावर माझी नजर समोरच्या रिकाम्या गव्हाणीकडे गेली. प्रभूच्या जन्माची हकिगत सांगताना संत लूकने बाळोत्यांचा उल्लेख एकदा नव्हे, दोनदा केला आहे. पहिल्यांदा मरियेने बाळाला गुंडाळले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा देवदूताने मेंढपाळांना तारणाऱ्याची खूण सांगितली तेव्हा. ती खूण मुकुटाची नाही, तेजोवलयाची नाही. बाळोत्यांची आणि गव्हाणीची आहे. ज्या समाजाला आपल्या तारणाऱ्याची ओळख बाळोत्यावरून पटवून देण्यात आली, त्या समाजाने गरिबाच्या बाळोत्यावर हसावे, हे मला त्या क्षणी फार विपरीत वाटले. त्या अस्वस्थतेतून हा लेख लिहीत आहे. तो अमेरिकन सरकारची तरफदारी करण्यासाठी नाही. आपण ज्या तीन-चार सबबी सांगून अशा मागण्या हसण्यावारी नेतो, त्या सबबी खऱ्या आहेत की खोट्या, एवढेच तपासण्यासाठी आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेत गरीब कुटुंबांना मदत करणाऱ्या योजना पुष्कळ आहेत. १९६४ च्या कायद्याने स्थिरावलेली अन्नसाहाय्याची योजना आहे. तिला आज 'स्नॅप' म्हणतात. गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालील मुले यांच्या पोषणासाठी १९७२ साली सुरू झालेली 'विक' नावाची योजना आहे. पण या दोन्ही योजना अन्नाच्या आहेत, आणि डायपर हे अन्न नव्हे. त्यामुळे या पैशांतून दूध घेता येते, कडधान्य घेता येते. डायपर घेता येत नाहीत. साबण, कुत्र्यामांजरांचे खाद्य, दारू आणि सिगारेट या ज्या वस्तू 'स्नॅप'च्या पैशांतून घेता येत नाहीत, त्यांच्याच पंगतीत तान्ह्या मुलाचे डायपर जाऊन बसले आहेत. हा कोणाचा दुष्टावा नाही. सरकारी दप्तरात प्रत्येक गरजेला एक खण असतो. या गरजेला खणच केला गेला नाही.

आता कोणी म्हणेल, रोख रकमेची मदत असतेच की! असते, आणि तिच्यातून डायपर घेताही येतात. पण १९९६ साली त्या देशाने आपला जुना साहाय्य कायदा मोडीत काढून नवा आणला. त्या वर्षी दर शंभर गरीब कुटुंबांमागे अडुसष्ट कुटुंबांना रोख मदत पोहोचत होती. २०२० साली ती फक्त एकवीस कुटुंबांना पोहोचत होती. म्हणजे ज्या एका खणातून डायपरचा खर्च निघू शकला असता, तोही बहुतेकांसाठी बंद झालेला आहे.

खर्च किती? २०१६ साली अध्यक्ष ओबामा यांच्या कार्यालयाने दिलेल्या आकड्यांनुसार एका मुलाच्या डायपरला वर्षाकाठी सुमारे ९३६ डॉलर लागत. म्हणजे महिन्याला ७८ डॉलर. संघराज्याने ठरवलेले किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. भागाकार करून पाहावा. अशा वेतनावरच्या आईला केवळ आपल्या बाळाला कोरडे ठेवण्यासाठी महिन्यातले जवळजवळ अकरा तास राबावे लागते. आणि हा २०१६ चा भाव, त्यानंतर तो चढलाच आहे. त्याच आकड्यांनुसार, डायपर विकत घेणाऱ्यांतील सर्वांत गरीब एक-पंचमांश कुटुंबांच्या करोत्तर उत्पन्नापैकी शेकडा चौदाच्या आसपास भाग या एका वस्तूवर खर्च होत होता. सधन कुटुंबाला ही गोष्ट खर्चाच्या वहीत शोधावी लागते. गरिबाच्या घरी ती भाकरीच्या शेजारी बसलेली असते.

पैसे पुरले नाहीत की काय होते, याचे उत्तर मुलाच्या अंगावर उमटते. ओला डायपर तासन्‌तास तसाच ठेवला जातो. घाण झाडून टाकून, वाळवून, तोच पुन्हा बांधला जातो. कनेक्टिकटमधील न्यू हेवन शहरात सामाजिक कार्य करणाऱ्या जोअ‍ॅन गोल्डब्लूम यांना गरीब घरांत हेच दिसले, आणि त्यातून २००४ साली त्यांनी डायपर गोळा करून वाटणारी संस्था उभी केली. त्याच शहरातील मातांची पाहणी करून येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात जवळजवळ तीन-दशांश मातांनी डायपर पुरत नसल्याचे सांगितले. त्या निबंधातील एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. डायपरची ही टंचाई आणि आईच्या मनाचे खचणे या दोहोंचा संबंध संशोधकांना आढळून आला. ज्या आईला आपले रडणारे मूल कोरडे करता येत नाही, ती स्वतःला आई म्हणून नापास ठरवते. अंगावरचे पुरळ मलमाने जाईल. हा निकाल कोणत्या मलमाने पुसायचा?

आता पहिली सबब. आमच्या आयांनी कापडी बाळोती वापरली, त्यांनीही वापरावीत!

मला माझ्या आजीचे जुने लुगडे आठवते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्या लुगड्याचे चौकोन फाडून बाळोती केली जात. त्यांना पै पडत नसे, हे अगदी खरे. पण फुकट पडत असे म्हणजे काय, हे आपण कधी तपासले आहे का? पाणी विहिरीचे होते आणि ते शेंदणारे हात घरातले होते. वाळवायला परसातली दोरी होती आणि वर वसईचे ऊन होते. पहाटे उठून बाळोत्यांचा ढीग धुणारी आजी होती, काकी होती, लग्न न झालेली आत्या होती. त्यांच्या श्रमाची मजुरी कोणी मोजली नाही, म्हणून ती बाळोती फुकट होती. बाळोत्यांची किंमत आपल्या पिढीने दिलीच नाही. ती घरातल्या बायकांनी आपल्या कमरेने आणि बोटांच्या भेगांनी दिली. ज्येष्ठ गृहस्थांच्या आई सरकारच्या दारी गेल्या नाहीत, कारण त्यांच्या दारातच एक न मोजलेले सरकार राबत होते.

न्यू हेवनमधल्या भाड्याच्या खोलीत यांपैकी काय आहे? आजी दुसऱ्या राज्यात आहे, किंवा तीही कुठेतरी फरशी पुसते आहे. घरी धुलाईयंत्र नाही. नाणी टाकून कपडे धुण्याची जी सार्वजनिक ठिकाणे असतात, त्यांतील कित्येकांत मुलांची मळलेली बाळोती धुण्यास मनाई असते. कपडे बाहेर वाळत घालण्यास कित्येक ठिकाणी बंदी, आणि हिवाळ्यात घालून तरी काय उपयोग? या सर्वांवर कडी करणारी गोष्ट मला माझ्या भाचीने सांगितली. ती त्याच राज्यात एका पाळणाघरात काम करते. तिच्या पाळणाघराचा नियम असा, की प्रत्येक मुलाबरोबर दिवसभर पुरतील एवढे वापरून टाकायचे डायपर आईने आणून द्यावे; कापडी चालणार नाही, आणि डायपर नसतील तर मूल घेतले जाणार नाही. "मामा," ती म्हणाली, "सकाळी दारातून एखाद्या आईला परत पाठवते, तेव्हा तिची त्या दिवसाची मजुरी मीच कापली, असे वाटते मला." असा नियम तेथील बहुसंख्य पाळणाघरांत असतो. म्हणजे पाहा: डायपर नाहीत म्हणून पाळणाघर नाही, पाळणाघर नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून पगार नाही, आणि पगार नाही म्हणून डायपर नाहीत. ज्या समाजव्यवस्थेने आईला कामावर बोलावले, मुलाला पाळणाघरात घातले आणि तेथे एका विकतच्या वस्तूची सक्ती केली, त्या व्यवस्थेने ती वस्तू चैनीची आहे असे म्हणू नये. सक्तीची वस्तू चैनीची असू शकत नाही.

दुसरी सबब अधिक कठोर आहे. परवडत नाहीत तर मुले जन्माला घालावीत कशाला?

हा प्रश्न इतरांनी विचारला तर मी समजू शकतो. कॅथलिक माणसाने तो विचारला की मला आश्चर्य वाटते. गर्भातील प्रत्येक जीव पवित्र आहे, हे आपण मिस्साच्या वेदीवरून सांगतो, शिबिरांत सांगतो, विवाहपूर्व वर्गांत सांगतो. योग्यच सांगतो. पण मूल पोटात असेपर्यंत ते देवाचे आणि बाहेर आले की आईच्या ऐपतीचे, अशी विभागणी ख्रिस्तसभेने कोठे शिकवली आहे? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली जीवनाच्या शुभवर्तमानावर जे परिपत्रक लिहिले, त्यात केवळ गर्भपाताचा निषेध करून ते थांबले नाहीत. अन्याय्य कायदे दूर करणे पुरेसे नाही, कुटुंबांना आणि मातृत्वाला आधार देणारी सामाजिक धोरणे हवीत, असेही त्यांनी त्यात बजावले आहे. आपण त्या परिपत्रकाचे पहिले अर्धे तोंडपाठ केले आणि दुसरे अर्धे कपाटात ठेवले.

अमेरिकेत हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द ठरवला आणि निर्णय राज्यांवर सोपवला. टेनेसी राज्याने त्याच वर्षी जवळजवळ संपूर्ण बंदी अमलात आणली. त्यानंतर विरोधकांनी विचारले, की ज्या मुलांना जन्माला यायला लावता, त्यांच्या जन्मानंतर तुम्ही कुठे असता? हा प्रश्न विरोधकांचा होता म्हणून चुकीचा ठरत नाही. टेनेसीने त्याला थोडे तरी उत्तर दिले. गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यातून दोन वर्षांखालील मुलाला महिन्याला शंभर डायपर औषधांच्या दुकानातून मिळतील, अशी सोय ऑगस्ट २०२४ पासून तेथे झाली. त्याच वर्षी डेलावेअर या अगदी वेगळ्या विचारांच्या राज्यालाही बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांसाठी अशीच परवानगी मिळाली. दोन टोकांची राज्ये एका बाळोत्यापाशी एकत्र आली, ही मला आशेची गोष्ट वाटते. पण शंभर डायपर म्हणजे दिवसाला तीन. नवजात बाळाला दिवसाकाठी आठ-दहा लागतात. तेव्हा हे उत्तर अजून एक-तृतीयांशच आहे, हे विसरता कामा नये.

तिसरी सबब आपल्या समाजाला सर्वांत प्रिय आहे. दानधर्म आहे ना! सरकार कशाला?

दानधर्माला मी कमी लेखत नाही. अमेरिकेतील डायपर वाटणाऱ्या संस्थांचे जाळे २०११ साली उभे राहिले, आणि आज दोनशेहून अधिक संस्था त्यात आहेत. तेथील कॅथलिक सेवासंस्था आणि संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने चालणारी मंडळे कित्येक शहरांत डायपर वाटतात. तेथील बिशपांच्या परिषदेने २५ मार्च २०२० रोजी, वर उल्लेखिलेल्या परिपत्रकाच्या रौप्यमहोत्सवी दिनी, गरजू मातांची सोबत करण्याचा उपक्रम धर्मग्रामाधर्मग्रामांतून सुरू केला. हे सारे सुंदर आहे. तरीही त्या जाळ्याने २०२३ साली केलेल्या पाहणीत तान्ही मुले असलेल्या दर दोन कुटुंबांपैकी जवळजवळ एकाने डायपर पुरत नाहीत असे सांगितले. आणि सरकारी मदत मिळावी, अशी मागणी सर्वांत मोठ्याने कोण करीत आहे? ज्यांच्या गोदामासमोर रांगा लागतात, त्याच दान वाटणाऱ्या संस्था! दान करणारे म्हणतात, आमचे दान अपुरे आहे. आणि दान न करणारे म्हणतात, दान पुरेसे आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

येथे आपल्यातील अभ्यासू मंडळी पोप पायस अकरावे यांच्या १९३१ च्या परिपत्रकातील तत्त्व पुढे करतील. जे काम कुटुंबाला आणि लहान समूहाला करता येते, ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये. तत्त्व मला मान्य आहे. पण त्या तत्त्वाचे लॅटिन नाव ज्या शब्दावरून आले, त्याचा अर्थच मुळी साहाय्य असा आहे. धाकट्याला जे झेपत नाही तेथे थोरल्याने हात द्यावा, ही त्याची दुसरी बाजू आहे. थोरल्याने हात आखडून घ्यावा आणि त्या आखडत्या हाताला तत्त्व म्हणावे, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय आईला डायपर दिल्याने तिच्याकडून मातृत्व कोण हिरावून घेतो? डायपर बदलणारे हात तिचेच राहतात.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. वापरून टाकायच्या डायपरांचा कचरा फार होतो, आणि सरकारी पैशाने मोठ्या कंपन्यांचा माल खपतो. ज्या जाळ्याचा मी उल्लेख केला, त्याच्या स्थापनेलाही एका मोठ्या डायपर कंपनीचा आश्रय होता. पण या आक्षेपाचे उत्तर मदत नाकारणे हे नाही. फिनलंडकडे पाहा. तेथे १९३८ पासून गरीब मातांना आणि १९४९ पासून सर्व मातांना सरकार बाळंतपणाची पेटी देते. त्या पेटीत कपड्यांबरोबर कापडी बाळोतीही देण्यात येत असत. तो देश त्या काळी श्रीमंत नव्हता, आणि तेथे कोणी हसलेही नाही. ज्याला कचऱ्याची खरोखर चिंता आहे, त्याने कापडी बाळोती आणि ती धुण्याची सोय मागावी. पर्यावरणाचे नाव घेऊन गरिबाचे मूल ओले ठेवू नये.

मदत म्हणजे केवळ वाटप नव्हे. घेतलेले परत करणे हीही मदतच. अमेरिकेतील अनेक राज्यांत डायपरवर विक्रीकर आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तो उठवण्याचा ठराव केला, तेव्हा २०१६ साली राज्यपालांनी त्याला नकार दिला. पुढे १ जानेवारी २०२० पासून तो उठला. दरम्यान त्याच राज्याने एप्रिल २०१८ पासून, सरकारी साहाय्यावर राहून कामधंद्याला लागू पाहणाऱ्या कुटुंबांना तीन वर्षांखालील प्रत्येक मुलामागे डायपरसाठी महिन्याला ३० डॉलर देण्यास सुरुवात केली. टेक्सासने २०२३ साली कर काढला. संघराज्याच्या पातळीवर ओबामा यांनी प्रयोगादाखल १ कोटी डॉलर मागितले ते २०१६ साली. तेवढीच तरतूद प्रत्यक्षात झाली २०२२ साली. सहा वर्षांत त्या वेळची तान्ही मुले शाळेत जाऊ लागली होती. बालपण थांबत नाही, हे कायदे करणाऱ्यांना कोण सांगणार?

आणि आपण? आपल्या देशातही लहान मुलांच्या डायपरवर कित्येक वर्षे १२ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला. महाराष्ट्र शासनाने २०१९ साली सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या पहिल्या बाळासाठी उपयोगी वस्तूंची पेटी देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा आपल्यापैकी कोणी ती फुकटेगिरी म्हटले नाही. मग अमेरिकेतल्या गरिबाला आपण का हसतो? मला वाटते, त्याचे कारण आपण त्याला ओळखत नाही हे आहे. आपल्याला ठाऊक असलेली अमेरिका म्हणजे आपल्या पुतण्यांनी पाठवलेली छायाचित्रे. त्या छायाचित्रांत पहाटे कार्यालये झाडणारी बाई येत नाही. पण उद्या विरारच्या एखाद्या खोलीत, जेथे पाणी दिवसाआड येते आणि नवराबायको दोघेही पहाटेची लोकल पकडतात, हाच प्रश्न उभा राहणार नाही, असे कोण छातीठोकपणे सांगेल? आजीचे लुगडे तेथेही आता नाही.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या बाजूने लेखणी उचलली, तेव्हा त्यांनी भीक मागितली नाही. न्याय्य वेतन मागितले. काम करणाऱ्याला स्वतःचे आणि आपल्या मुलांचे पोट भरता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आईच्या अकरा तासांच्या मजुरीत बाळाचे एक महिन्याचे कोरडेपण बसते की नाही, हा त्याच आग्रहाचा आजचा लहानसा हिशेब आहे. वेतन पुरत नसेल तर वेतन वाढवावे. ते वाढेपर्यंत डायपर द्यावेत. आणि दोन्ही करायचे नसेल, तर निदान त्यावर कर घेऊ नये आणि हसू नये.

आपल्या समाजातील जी मुले-मुली त्या देशात स्थायिक झाली आहेत आणि तेथे मतदान करतात, त्यांना माझी विनंती आहे. नाताळाला आपल्या चर्चमध्ये डायपरांचा एक खोका अवश्य ठेवा. पण त्याबरोबर आपल्या प्रतिनिधीला एक पत्रही लिहा, की आमच्या खोक्यावर विसंबून राहू नका. खोका ठेवणे ही करुणा आहे. पत्र लिहिणे हा न्याय आहे. आणि एकाने दुसऱ्याची सुट्टी होत नाही.

गोठा त्या संध्याकाळी पुरा झाला. मूर्ती मांडताना ज्येष्ठ गृहस्थांनीच बाळ येशूला हळुवार हातांनी गव्हाणीत ठेवले आणि त्याच्या अंगावरचे पांढरे फडके नीट केले. ते कोणी धुऊन, इस्त्री करून आणले होते, हे आम्हांपैकी कोणी विचारले नाही.